रोशनदानाचा धंदा : घासाघीस कुठे करावी आणि कुठे करू नये

एप्रिल-मे महिना लागला की मुंबईपासून भिवंडीपर्यंत आणि मुंब्र्यापासून पनवेलपर्यंत घरांच्या छपरांवर माणसे चढलेली दिसू लागतात. कोणी पत्रे बदलतो, कोणी डांबर ओततो, कोणी ताडपत्री ताणतो. याच दिवसांत छपरातल्या उजेडाच्या पत्र्याचेही काम निघते. आपल्या घरांत त्याला रोशनदान म्हणतात. कोणी नवे बसवून घेतो, कोणी गळणारे दुरुस्त करून घेतो. नऊ महानगरपालिका असलेल्या या अफाट प्रदेशात पत्र्याखाली किती घरे असतील याचा अंदाज रेल्वेच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या कोणालाही येईल. म्हणजे काम भरपूर आहे आणि ते करणाऱ्यांत आपल्या समाजातील फिटर, वेल्डर, काचवाले व पत्रेवाले पुष्कळ आहेत. तरीही या कामाला अद्याप धंद्याची शिस्त आलेली नाही. तिकडे वाचक बंधूंचे लक्ष वेधावे म्हणून हा लेख.

आम्ही कापडाचे व्यापारी. छपराच्या कामाशी आमचा संबंध गिऱ्हाईक म्हणून येतो. परंतु उजेडाशी आमचा संबंध जुना आहे. कापडाचा रंग ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि दिवसाच्या उजेडात दुसरा. दोन तागे दुकानात एकसारखे वाटतात आणि बाहेर ओट्यावर नेले की फरक उघडा पडतो. म्हणून जुने व्यापारी माल नेहमी दारात आणून पाहत. आज मोठ्या कारखान्यांत रंग पारखायला दिवसाच्या उजेडासारखा दिवा लावलेली खास पेटी असते. आपल्या जरीवाल्याच्या, शिंप्याच्या, हातकाम करणाऱ्या भगिनीच्या घरात ती पेटी कुठून येणार? तिच्यासाठी छपरातून येणारा उजेड हाच खरा.

गिरण्यांनी जे ओळखले होते

गिरणगावातील जुन्या गिरण्यांची छपरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना करवतीच्या दात्यांसारखी ती रांग आठवत असेल. त्या दात्यांची काचेची बाजू उत्तरेकडे असे. आपल्या भागात वर्षातील बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे उत्तरेच्या काचेतून थेट ऊन फारसे न येता शांत, सारखा उजेड येतो. धागा तुटला तर दिसावा, रंग चुकला तर कळावा आणि कामगार उन्हाने भाजू नये, असा हा तिहेरी विचार होता. विजेचे दिवे आले तरी ही छपरे राहिली. पुढे गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या आणि ती छपरेही बहुतेक गेली.

घरांतही अशीच व्यवस्था होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौल कोकणात व मुंबईत घराघरांवर चढले. त्याच मापाचे, त्याच खाचेचे काचेचे कौलही मिळे. अंधाऱ्या माजघरावर किंवा चुलीवर एक-दोन काचेची कौले बसवली की काम झाले. ते कौल फुटले तर घरचा माणूसही नवे सरकवून देई. खाचेत खाच बसत असल्याने पाणी आत येण्याचा प्रश्न नव्हता. कौले गेली, पत्रे आले, घरांवर दुसरा मजला चढला, शेजारच्या भिंती एकमेकींना चिकटल्या आणि खिडक्याही बंद झाल्या. आज कुर्ला, गोवंडी, धारावी, भिवंडी येथील हजारो खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा खोलीत उजेडाला छपराखेरीज वाट उरलेली नाही.

या प्रश्नावर जगात इतरत्रही विचार झालेला आहे. ब्राझीलमधील आल्फ्रेदो मोसेर या मेकॅनिकने २००२ साली पाणी आणि थोडे ब्लीच भरलेली प्लॅस्टिकची बाटली छपरात बसवून दिवसाचा उजेड घरात आणला. पुढे फिलिपिन्समध्ये गरीब वस्त्यांत ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. सांगायचा मुद्दा असा की, उजेड आणण्याला फार पैसे लागत नाहीत. पैसे आणि अक्कल लागते ती पाणी बाहेर ठेवण्याला.

पाणी, ऊन आणि माप

मुंबईत वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दहा बाय दहाच्या छपरासाठी हे पाणी १८ हजार लिटरच्या वर जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्याच छपरावर त्या एका दिवसात सुमारे पावणेनऊ हजार लिटर पाणी पडले असा त्याचा हिशेब होतो. अशा पावसासमोर एम-सील आणि डांबर यांची मात्रा किती चालणार? पाणी अडवायचे असते ते रचनेने. उजेडाच्या पत्र्याची वरची कड वरच्या पत्र्याखाली आणि खालची कड खालच्या पत्र्यावर हवी. बाजूला किमान एक पूर्ण पन्हाळ चढलेली हवी. स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर हवा, खोलगट भागात नको. गच्चीवर चौकट बसवायची असेल तर चारही बाजूंनी सहा इंच उंच कठडा बांधून त्यावर ती बसवावी, म्हणजे साचलेले पाणी आत शिरत नाही. हे झाल्यावर सिलिकॉन लावावे. सिलिकॉन हे शेवटचे बोट आहे, भिंत नव्हे.

दुसरा शत्रू ऊन. पॉलिकार्बोनेटच्या बहुतेक शीटना एकाच बाजूला उन्हापासून वाचवणारा थर असतो आणि ती बाजू आकाशाकडे करायची असते. शीटवरच्या पातळ प्लॅस्टिकवर तसे छापलेलेही असते. कापडाला सुलटी आणि उलटी बाजू असते, तसेच हे आहे. उलटी बसवली तर पहिल्या वर्षी काही कळत नाही, पुढे शीट पिवळी पडते आणि मग तडकते. पोकळ रकान्यांची शीट असेल तर रकाने उताराच्या दिशेने हवेत आणि टोके पट्टीने बंद हवीत. नाहीतर आत पाणी, धूळ व शेवाळ भरते आणि उजेडाचा पत्रा हिरवा होतो.

तिसरी गोष्ट मापाची. कापड धुतल्यावर आटते म्हणून शिंपी माप सोडतो. पॉलिकार्बोनेट उन्हाने वाढते, लोखंडाच्या सुमारे पाचपट. तीन मीटरची शीट रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या तापलेल्या छपरापर्यंत सात-आठ मिलिमीटर सरकते. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडावे लागते, वर रुंद रबरी वॉशर लावावा लागतो आणि स्क्रू जीव खाऊन आवळायचा नसतो. आवळलेल्या स्क्रूजवळ पहिली चीर पडते आणि तिथूनच गळती सुरू होते. सिलिकॉनही पाहून घ्यावे. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन पॉलिकार्बोनेटला मानवत नाही, त्यासाठी न्यूट्रल प्रकारचे मिळते. साफसफाई साबणाच्या पाण्याने करावी, थिनर लावू नये.

काच वापरायची असेल तर डोक्यावर लॅमिनेटेड काच हवी. ती फुटली तरी मधल्या पातळ थराला चिकटून राहते. टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक खडे होतात, पण ते सगळे खाली झोपलेल्या मुलाच्या अंगावर पडतात. साधी काच तर छपरात घालूच नये.

मोठ्या आकाराचा मोहही टाळावा. १५ मे आणि २७ जुलैच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर मुंबईच्या डोक्यावर असतो. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात मोठे रोशनदान म्हणजे घरात तवा ठेवल्यासारखे होते. १०० चौरस फुटांच्या खोलीला चार-पाच चौरस फूट उजेड पुरे. जमल्यास उत्तरेच्या उतारावर द्यावा आणि शीट दुधी रंगाची घ्यावी. सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबला मात्र इंजिनियरच्या सल्ल्याशिवाय आणि महापालिकेच्या व सोसायटीच्या परवानगीशिवाय भोक पाडू नये. आतली सळी तोडली तर घर उजळेल, पण डोक्यावरचा आधार जाईल.

विकणारे काही बंधू सांगतात की रोशनदान बसवा, विजेचे बिल निम्मे होईल. आमच्या मते असे सांगू नये. २० वॅटची एलईडी ट्यूब दिवसाला ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस जळली तरी ४८ युनिटच वीज लागते. ही बचत लहान आहे. खरा फायदा डोळ्यांचा, कामाच्या सफाईचा आणि कोंदट खोली जरा मोकळी वाटण्याचा आहे. खरे सांगून विकलेला माल पुन्हा गिऱ्हाईक आणतो, हे आम्हा व्यापाऱ्यांना शिकवावे लागत नाही.

तोडलेले पैसे जातात कुठे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण व्यापारी लोक घासाघीस करण्यात वाकबगार आहोत. फिटरने दहा हजार सांगितले की आपण सहापासून सुरुवात करतो आणि सातावर आणून सोडतो. शीटचा भाव बाजारात ठरलेला असतो, लोखंडाचा भावही ठरलेला असतो. मग तुटलेले तीन हजार कुठून निघतात? दोन मिलिमीटरच्या जागी सव्वा मिलिमीटरची शीट येते. रबरी वॉशर जातो, डांबराचा तुकडा येतो. कठड्याची उंची सहा इंचांवरून दोनावर येते. आणि सर्वांत शेवटी, कोणालाही न दिसता, मजुराच्या पायाखालची फळी आणि कमरेचा पट्टा जातो. कारण फळ्या, शिडी आणि दोर टेम्पोतून आणायला भाडे लागते आणि त्या मांडायला अर्धा दिवस मोडतो.

सिमेंटचा जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. उजेडाचा पत्रा तर मुळीच नाही. त्यातही जुना फायबरचा पत्रा धूळ आणि शेवाळ बसून आजूबाजूच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो. वरून चालणाऱ्याला कुठे पत्रा आणि कुठे फायबर हे कळत नाही. बारा फुटांवरून खाली यायला एक सेकंदही लागत नाही. तेवढ्यात माणूस सावरू शकत नाही आणि दोर नसेल तर धरायलाही काही नसते.

आमच्या मोहल्ल्यात काही वर्षांपूर्वी असाच एक तरुण पडला. गळती कुठून होते ते पाहायला तो वर चढला होता. उजेडाच्या पत्र्यावर पाय पडला आणि तो थेट खालच्या खोलीत आला. कमरेचे हाड मोडले. ठेकेदाराने पहिल्या दिवशीचे इस्पितळाचे पैसे भरले आणि मग त्याचा फोन लागेनासा झाला. घरमालक म्हणाले, आम्ही ठेका दिला होता, आमचा काय संबंध? त्या मुलाची आई आजही साड्यांना फॉल-बिडिंग करून घर चालवते. तिच्याकडे काम देणाऱ्यांत आम्हीही आहोत. या कामात दर कसा ठरला असेल ते आम्हाला माहीत नाही, पण बाजारात दर कसे ठरतात ते आम्ही रोज पाहतो. म्हणून आम्ही म्हणतो की, मालाच्या भावात खुशाल घासाघीस करा, चार दुकाने फिरा, रोखीत सूट मागा. परंतु फळी, दोर, पट्टा आणि मजुरी यांत एक पैसाही तोडू नका. ही तूट दुसऱ्याच्या हाडांतून भरून निघते.

फिटर बंधूंना चार गोष्टी

पहिली गोष्ट कागदाची. आमच्याच घरच्या वरच्या खोलीत २०१९ साली नवी शीट बसवून घेतली. आम्ही पावती मागितली, तर ‘आपलाच माणूस आहे, पावती कशाला?’ असे उत्तर मिळाले. दोन पावसाळ्यांत शीट पिवळी झाली. फिटर म्हणे माल खराब, मालवाला म्हणे बसवणारा खराब. यात कोण खरे ते ठरवायला कागदच नव्हता. आपलेपणा ही चांगली गोष्ट आहे, पण ती पावतीची जागा घेऊ शकत नाही. शीटचा प्रकार, जाडी, कोणती बाजू वर, स्क्रू-वॉशर कोणते, कठडा किती, मजुरी किती आणि गळतीची हमी किती पावसाळ्यांची, एवढे एका चिठ्ठीवर लिहून सही करावी. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. ज्याच्या चिठ्ठीत हे सारे असेल त्याचा दर थोडा जास्त असला तरी समंजस गिऱ्हाईक त्याच्याकडेच येईल.

दुसरी गोष्ट तपासणीची. पाणी जिथे टपकते तिथेच भोक असते असे नाही. ते पत्र्याखालून, पाइपावरून वाहत येऊन दूर टपकते. म्हणून नळीने आधी खालच्या कडेला, मग हळूहळू वर असे पाणी सोडून पाहावे. एक माणूस आत आणि एक बाहेर असावा. हिवाळ्यात पहाटे थेंब पडत असतील तर ती गळती नसून घरातली वाफ गार पत्र्यावर बसलेली असते. तिथे डांबर लावून पैसे घेणे म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणे होय. तपासणीचे वेगळे पैसे मागायला लाजू नका. डॉक्टर नाडी पाहण्याचे पैसे घेतोच की.

तिसरी गोष्ट वेळेची व अंतराची. सगळे गिऱ्हाईक मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात जागे होते. मग कुर्ल्याचा फिटर सकाळी पनवेलला, दुपारी मिरा रोडला आणि रात्री भिवंडीला धावतो. दिवस गाडीत जातो आणि काम घाईत होते. या घाईतच फळी घरी राहते. त्यापेक्षा एकेका वस्तीतील फिटरांनी आपापसांत ओळख ठेवून लांबचे काम तिकडच्या बंधूकडे सोपवावे आणि तिकडून आपल्या वस्तीतले घ्यावे. शीट, स्क्रू व काच चार-पाच जणांनी मिळून घेतली तर भावही उतरतो. फळ्या, शिडी आणि दोर यांचा एक संच वर्गणी काढून घ्यावा व पाळीने वापरावा. नवे बसवण्याचे काम नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत दर थोडा कमी ठेवून मिळवावे, म्हणजे मे महिना दुरुस्तीसाठी मोकळा राहतो.

चौथी गोष्ट मजुरांची. ज्या बांधकाम कामगाराचे वय १८ ते ६० आहे आणि ज्याने मागील वर्षभरात ९० दिवस काम केले आहे त्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवता येते. इमारतीची दुरुस्तीही या कामात मोडते. आपल्या किती पोरांची अशी नोंद आहे? काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते देणाराच हात आखडतो, हे आम्ही ऐकून आहोत. ते देण्यात ठेकेदाराचे काही जात नाही. आणखी एक सूचना. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. तो पत्रा कोरडा कापू नये, फोडू नये, झाडून उडवू नये. ओला करून अख्खा उतरवावा.

गिऱ्हाईकाचेही कर्तव्य आहे

आता स्वतः गिऱ्हाईक असलेल्या आम्हा व्यापाऱ्यांकडे वळतो. दारात आलेल्या फिटरला भाव विचारण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. फळी आणली का? पट्टा आणला का? वर कोण चढणार आणि तो किती वर्षांचा आहे? उत्तर समाधानकारक नसेल तर काम देऊ नये, दर कितीही कमी असो. घराच्या छपरावर जिथे उजेडाचा पत्रा आहे तिथे त्याच्या खाली लोखंडी जाळी बसवून घ्यावी. घर बांधताना हा खर्च थोडका असतो, आणि पाय चुकला तर तीच जाळी माणसाला झेलते. जुन्या फायबरच्या पत्र्याभोवती लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवावा, म्हणजे पुढे केबल ओढायला चढणाऱ्यालाही ते कळेल. काम झाल्यावर ठरलेले पैसे त्याच दिवशी द्यावेत. उधारीवर कापड देणारे आम्ही लोक मजुराच्या पैशांसाठी त्याला चार फेऱ्या मारायला लावतो, हे शोभत नाही.

व्यापारी मंडळांनीही थोडे पुढे यावे. जमातखान्याच्या हॉलमध्ये किंवा शाळेच्या मैदानात, मार्च महिन्यात एक दिवस, एखाद्या अनुभवी मिस्त्रीला बोलावून तरुण फिटरांना शीटची बाजू, भोकाचे माप, दोर बांधण्याची रीत हे सारे प्रत्यक्ष दाखवता येईल. याला मोठ्या निधीची गरज नाही. एक जुनी चौकट, दोन शीट आणि चार फळ्या पुरतात.

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल. तो कोणाच्या सोयीने थांबत नाही. ज्यांच्या घरात काम निघाले असेल त्यांनी आजच फिटरला बोलवावे, चिठ्ठी लिहून घ्यावी आणि फळीचे पैसे न कुरकुरता द्यावेत. फिटर बंधूंनीही फळी आल्याशिवाय छपरावर पाय ठेवू नये, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.